व्हेंडरचे स्कीमा ग्रुप: किती करायचे आणि कशावरून? (एसएपी एमएम, म्हणजे खरेदी-साठ्याचं मॉड्यूल)

तळेगावकर

नमस्कार मंडळी,

आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना, चाकण पट्ट्यात. सध्या एसएपीच्या जुन्या ईसीसीवरून नव्या एस/फोर हानावर जायची गडबड चालू आहे. मी मूळचा खरेदी विभागातला, पण आयटीवाल्यांना उत्तरं द्यायला कोणीतरी लागतं म्हणून माझी मान पुढे झाली आहे.

कन्सल्टंटने एक एक्सेल पाठवली आहे. वर लिहिलंय, 'व्हेंडर स्कीमा ग्रुप: तुमची गरज कळवा.' मी सगळ्या खरेदीदारांना विचारलं. प्रत्येकाने आपापलं सांगितलं आणि यादी चौदावर गेली: स्थानिक, परगावचे, आयात, सेझमधले (विशेष आर्थिक क्षेत्रातले), हाय सी सेलवाले, जॉबवर्क, एमएसएमई, कंपोझिशनवाले (जीएसटीच्या सोप्या योजनेतले छोटे व्यापारी), स्टील मिल्स, ट्रान्सपोर्टर, सर्व्हिस, ग्राहकाने ठरवून दिलेले, आमच्याच ग्रुपमधल्या कंपन्या आणि एकदाच माल घेतलेले.

जुन्या सिस्टिमला सगळ्यांना एकच स्कीमा, म्हणजे किमतीच्या ओळींची यादी, आहे. पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) कंडिशन टॅबवर ओळींची ही लांबलचक रांग, त्यातल्या निम्म्या शून्य. भोसरीच्या नट-बोल्टवाल्याच्या पीओत कोणीतरी कस्टम ड्युटीच्या ओळीत आकडा टाकतो आणि महिनाअखेरीला अकाउंट्सवाले माझ्या टेबलापाशी उभे. म्हणून वेगवेगळे ग्रुप करावेत असं वाटतंय. कन्सल्टंट म्हणतो चौदा करू, त्याला काय! पण त्याचं 'त्याला काय' ऐकूनच मला धास्ती वाटते.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

एमएम_वाली

तळेगावकर, धास्ती वाटते ते बरोबरच आहे. चौदा अजिबात करू नका.

आधी हे यंत्र कसं चालतं ते थोडक्यात, कारण तुमच्या खरेदीदारांना दुसराच काहीतरी ग्रुप अभिप्रेत असणार अशी मला दाट शंका आहे. पीओ उघडला की सिस्टिम दोन गोष्टी बघते. खरेदी संघटनेचा, म्हणजे पर्चेसिंग ऑर्गनायझेशनचा, स्कीमा ग्रुप कुठला आणि व्हेंडरचा स्कीमा ग्रुप कुठला. या दोघांची जोडी एका तक्त्यात शोधते आणि समोर लिहिलेला कॅल्क्युलेशन स्कीमा उचलते. काहीच नेमलं नसेल तर आरएम०००० हा तयार स्कीमा. स्कीमा म्हणजे ओळींची क्रमवार यादी: आधी पीबी०० ही मूळ किंमत, मग सूट, मग अधिभार, भाडं, कस्टम. कुठली ओळ कुठल्या ओळीवर मोजायची, कुठली ओळ खात्यात कुठे जाणार, हे सगळं तिथे ठरतं. हा स्कीमा एम/०८ या ट्रान्झॅक्शनला बनतो, कंडिशन टाइप, म्हणजे ओळीचा प्रकार, एम/०६ ला आणि दर शोधायचा क्रम, म्हणजे ॲक्सेस सिक्वेन्स, एम/०७ ला.

व्हेंडरचा ग्रुप त्याच्या मास्टरमध्ये खरेदीच्या डेटात बसतो. फील्डचं नाव केएएलएसके, टेबल एलएफएम१, लांबी दोन अक्षरं. पर्चेसिंग ऑर्गनायझेशनगणिक वेगळा देता येतो. एस/फोरमध्ये तो बिझनेस पार्टनरच्या एफएलव्हीएन०१ या रोलखाली सापडेल.

आता मुद्द्याचं. तुमच्या चौदांपैकी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: याच्यासाठी ओळी बदलतात, की नुसते दर? दर बदलत असतील तर ते कंडिशन रेकॉर्डचं, म्हणजे दराच्या नोंदीचं, काम. एमईके१ ला जा, नाहीतर इन्फो रेकॉर्डला, आणि दर भरा. स्कीमा ग्रुपचा त्याच्याशी संबंध नाही. ओळी बदलत असतील, किंवा ओळी त्याच राहून मोजायचा पाया बदलत असेल, तरच वेगळा ग्रुप.

या एका चाळणीतून यादी घाला, बघा किती उरतात.

---

गेटपास

+१. आणि तरीही चौदा उरले तर खरेदीदार बदला.

---

खातेवही

मी अकाउंट्सच्या बाजूने लिहितो. तळेगावकर, तुमच्या टेबलापाशी महिनाअखेरीला उभे राहणारे आम्हीच.

यादीतले काही तर मी आत्ताच खोडतो.

एमएसएमई: हा किमतीचा विषयच नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे कायद्याच्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यायचे आहेत, नाहीतर आयकर कायद्याखाली त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. हे पेमेंट टर्म आणि व्हेंडर मास्टरमधल्या निर्देशकाचं काम. स्कीमात एमएसएमईसाठी कुठली ओळ टाकणार आहात?

कंपोझिशनवाले: तो बिलात जीएसटी लावूच शकत नाही, बरोबर. पण टॅक्स हा टॅक्स कोडातून आणि टॅक्सआयएनएन या वेगळ्या प्रोसिजरमधून येतो. व्हेंडर मास्टरमध्ये जीएसटी वर्गीकरणाचं स्वतंत्र फील्ड आहे, तिथे कंपोझिशन निवडा. काम झालं.

स्थानिक आणि परगावचे: सीजीएसटी-एसजीएसटी की आयजीएसटी, हाच फरक असेल तर तोही टॅक्सचाच. भाडं लागतं की नाही हा फरक असेल, तर भाड्याची ओळ दोघांच्याही स्कीमात असू दे, लागेल तो भरेल.

सर्व्हिस, ट्रान्सपोर्टर: टीडीएस वेगळा, म्हणून ग्रुप वेगळा, असं कोणीतरी सांगितलं असणार. टीडीएस विदहोल्डिंग टॅक्समधून जातो.

आयात मात्र खरोखर वेगळा आहे. तिथे मी हट्टाने म्हणेन की ग्रुप वेगळा हवाच. का, ते आकड्यांत दाखवतो.

धरा, सीआयएफ किंमत (माल, विमा, भाडं धरून), म्हणजे ड्युटी मोजायची असेसेबल व्हॅल्यू, १०,००,००० रुपये. बेसिक कस्टम ड्युटी ७.५ टक्के: ७५,०००. सोशल वेल्फेअर सरचार्ज हा ड्युटीच्या १० टक्के, मालाच्या नव्हे: ७,५००. इथपर्यंत बेरीज १०,८२,५००. आयजीएसटी १८ टक्के या बेरजेवर: १,९४,८५०. आता या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो मालाच्या किमतीत बसता कामा नये. ड्युटी आणि सरचार्जचं क्रेडिट नाही, म्हणून ते बसलेच पाहिजेत. आणि हे पैसे परदेशी व्हेंडरला जात नाहीत, कस्टम्सला जातात. वर न्हावा शेव्याचे खर्च, सीएचएचं (कस्टम एजंटचं) बिल, सीएफएसचं (कंटेनर यार्डचं) भाडं, यातला प्रत्येक जण वेगळा व्हेंडर.

म्हणजे जेसीडीबीसारखी ड्युटीची ओळ ही डिलिव्हरी कॉस्ट या प्रकारची हवी, तिला ॲक्रुअल की (रक्कम कुठल्या तरतूद खात्यात जाणार ते ठरवणारी) हवी, आणि ओळीच्या तपशिलात कस्टम्सचा व्हेंडर कोड बसला पाहिजे. देशी पीओत यातलं काहीच लागत नाही.

---

तळेगावकर

खातेवही साहेब, एका फटक्यात निम्मी यादी उडवलीत. आभार.

आमच्या सध्याच्या स्कीमात सीआयएफवर १ टक्का 'लँडिंग' अशीही एक ओळ आहे. ती वर तुमच्या हिशोबात दिसली नाही?

---

खातेवही

ती २०१७ च्या सप्टेंबरमध्येच गेली. आधी सीआयएफवर १ टक्का लँडिंग चार्जेस धरून असेसेबल व्हॅल्यू काढायचे, नियमात बदल होऊन तो बंद झाला. एज्युकेशन सेसचंही तसंच. २०१८ च्या अर्थसंकल्पात त्याच्या जागी हा सरचार्ज आला. तुमच्या स्कीमात सेसच्या दोन ओळी अजून झोपलेल्या असतील, बघा. ही साफसफाई आत्ताच करा, नव्या सिस्टिमला जुना कचरा भाडेकरू म्हणून नेऊ नका.

मात्र विमा आणि भाड्याचे ठोकताळे अजून आहेत. खरा आकडा कळत नसेल तर भाडं एफओबीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरतात. हे मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांतलं. पण पीओत खरा करार असतो, तेव्हा ओळ खऱ्या आकड्याची ठेवा.

---

दिवा_लोकल

आयातीवरून एक शंका. आमच्याकडे ग्रुप ठरवताना कन्सल्टंटने सोपा नियम लावला: व्हेंडरचा देश भारत नसेल तर आयात. दिसायला किती स्वच्छ! आणि मग सीप्झमधला (अंधेरीच्या सेझमधला) एक व्हेंडर आला. पत्ता अंधेरी पूर्व, मुंबई ४०००९६. जीएसटी नंबर महाराष्ट्राचा, रुपयांत बिल. मास्टर बनवणाऱ्याने अर्थातच देशी ग्रुप दिला. माल गेटवर आला तेव्हा सोबत बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टम कागद! स्टोअर्सचा माणूस म्हणे, 'अहो, अंधेरीहून आलेल्या टेम्पोला कस्टम कसं?'

सेझमधून बाहेर माल आणला की कायद्याच्या नजरेत ती आयातच, घेणाऱ्याने बिल ऑफ एन्ट्री भरून ड्युटी द्यायची. सीप्झ तर १९७३ पासूनचं आहे, आधी निर्यात प्रक्रिया क्षेत्र आणि २००० पासून सेझ. तरी दर वेळी कोणीतरी नव्याने चकित होतोच.

तर तळेगावकर, तुमच्या यादीतला 'सेझ' हा वेगळा ग्रुप नको. त्याला सरळ आयातीच्याच ग्रुपमध्ये टाका. ओळी त्याच आहेत.

---

एमएम_वाली

दिवा_लोकल, हे मस्त उदाहरण. म्हणूनच मी म्हणते की पत्ता, देश, चलन यावरून ग्रुप ठरवू नये. ओळींवरून ठरवावा.

आणि याच्या पुढची अडचण तळेगावकरांच्या यादीत आधीच बसली आहे: हाय सी सेल. व्हेंडर पक्का भारतीय, समजा मस्जिद बंदरचा व्यापारी. एरवी त्याच्याकडून गोदामातला माल देशी पीओने घेता. पण जहाज समुद्रात असताना त्याने कागद तुमच्या नावावर फिरवले, की बिल ऑफ एन्ट्री तुम्ही भरणार, ड्युटी तुम्ही देणार. तोच व्हेंडर, तोच कोड, सोमवारी देशी आणि गुरुवारी आयात. एका पर्चेसिंग ऑर्गनायझेशनमध्ये एका व्हेंडरला ग्रुप एकच देता येतो. मग?

---

कळंबोली_यार्ड

मग दुसरा व्हेंडर कोड काढायचा. एक कोड देशी, एक हाय सी. आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच चाललंय, काही बिघडलं नाही.

---

खातेवही

बिघडलं नाही असं तुम्हाला वाटतं कारण लेजर तुम्ही जुळवत नाही. एका पार्टीचे दोन कोड म्हणजे दोन खाती. एकात आगाऊ रक्कम पडून, दुसऱ्यात देणं उभं. बॅलन्स कन्फर्मेशनला पार्टी एक आकडा सांगते, आपण दोन. टीडीएसच्या मर्यादेची बेरीज दोन कोडांत फाटते. एमएसएमईच्या थकबाकीचं तेच. दुसरा कोड हा खरेदीला सोपा आणि आम्हाला त्रास.

---

कळंबोली_यार्ड

मान्य आहे, पण पर्याय सांगा ना. आमचा वर्षाला तीन-चारदा होणारा व्यवहार. त्यासाठी प्रोग्रॅम कोण लिहून देणार?

---

एमएम_वाली

पर्याय आहेत, प्रत्येकाचं काहीतरी दुखणं आहे.

आयातीसाठी वेगळी पर्चेसिंग ऑर्गनायझेशन. तिला स्वतःचा स्कीमा ग्रुप (त्याचं फील्ड चार अक्षरी असतं), मग व्हेंडर कोड एकच राहतो आणि दोन्हीकडे खरेदीचा डेटा वेगवेगळा. लेजर एक, स्कीमा दोन. मला हा रस्ता सगळ्यात आवडतो. पण इन्फो रेकॉर्ड, करार, अधिकार, रिलीज स्ट्रॅटेजी (मंजुरीचे टप्पे) सगळं दोनदा सांभाळावं लागतं. आयात बऱ्यापैकी असेल आणि तिचे खरेदीदार वेगळे असतील तरच परवडतं.

डॉक्युमेंट टाइपवरून स्कीमा बदलणे. सगळ्यांना मनातून हेच हवं असतं, पण साध्या पीओच्या त्या तक्त्यात डॉक्युमेंट टाइपचा कॉलमच नाही. त्यासाठी एलएमईकेओ००१ या एन्हान्समेंटमध्ये (आपला कोड घालायला एसएपीने ठेवलेल्या जागेत) शिरावं लागतं, ईएक्सआयटी_एसएपीएलएमईकेओ_००१. तिथे हेडरच्या केओएमके रचनेतला केएएलएसएम, म्हणजे स्कीमाचं नाव, बदलून द्यायचं. प्रोग्रॅम चार ओळींचा असतो. पण पुढे सहा वर्षांनी कोणी नवा माणूस कॉन्फिगरेशन बघून म्हणतो, तक्त्यात तर आरएम०००० लिहिलंय, मग पीओत दुसरा कसा येतोय? आणि दोन दिवस डोकं खाजवतो. कुठेतरी ठळक लिहून ठेवा.

तिसरा, दोन्हींच्या ओळी एकाच स्कीमात ठेवून आयातीच्या ओळींना रिक्वायरमेंट रुटीन लावायचं, अट पुरी झाली तरच ओळ उमटेल. हेही प्रोग्रॅमरचंच काम.

कळंबोली, वर्षाला तीन-चारच व्यवहार असतील तर मी चौथा रस्ता सांगेन: काहीच करू नका. देशी स्कीमात हाताने भरायची एक डिलिव्हरी कॉस्टची ओळ ठेवा, ड्युटी रकमेत टाका, व्हेंडर कस्टम्सचा द्या. तेवढ्यासाठी अख्खी रचना वाकवायची गरज नाही.

---

खातेवही

चौथ्याला माझी हरकत नाही. फक्त त्या ओळीची ॲक्रुअल की ड्युटीची द्या, भाड्याची नको. एफआरबी१ मध्ये ड्युटी भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. माल आत घेताना भाड्याच्या तरतुदीत ड्युटी जाऊन बसते आणि मग ते खातं कधीच शून्य होत नाही.

---

तळेगावकर

वाचतोय, नोंदी काढतोय. आयात आणि सेझ एक झाले, हाय सी आमच्याकडे क्वचितच, म्हणजे चौथा रस्ता.

आता स्टील. हा ग्रुप आमचे फोर्जिंगवाले खरेदीदार सोडायला तयार नाहीत. ते म्हणतात, आमच्या पीओत नुसती एक किंमत चालत नाही. कच्च्या मालाचा दर वाहन कंपनी ठरावीक मुदतीने बदलते, तो वेगळा दिसला पाहिजे. हा 'दर' झाला ना तुमच्या हिशोबाने? मग ग्रुप नको?

---

हातोडा

थांबा थांबा, इथे मी बोलणार. फोर्जिंगमध्येच आयुष्य गेलं.

एका नगाची किंमत कशी बनते बघा. धरा, इनपुट वजन २.४ किलो, स्टीलचा दर ७० रुपये किलो, झाले १६८. त्यातून फ्लॅश (कडेला निघणारा जादा धातू) आणि तुकडे निघतात ०.६ किलो, भंगार ३० रुपयांनी, म्हणजे १८ रुपये वजा. राहिले १५०. वर कन्व्हर्जन (घडाईचा खर्च) ९० रुपये. एकूण २४०.

आता खरेदीदाराने घासाघीस करून २ टक्के सूट मिळवली. कशावर? फोर्जिंगवाला स्टीलवर कशी सूट देईल, दर त्याच्या हातात थोडाच आहे? सूट कन्व्हर्जनवरच. म्हणजे १ रुपया ८० पैसे, किंमत २३८.२०. पण तुमच्या साध्या स्कीमात टक्केवारीची सूट आधीच्या बेरजेवर मोजली जाते, २४० वर, म्हणजे ४ रुपये ८०. नगामागे ३ रुपयांचा फरक. महिन्याला २०,००० नग असतील तर ६०,००० रुपये. व्हेंडर बिल पाठवतो २३८.२० ने, पीओ म्हणतो २३५.२०, बिल ब्लॉक. फोन कोणाला? मला.

इथे दर नाही बदलला, मोजायचा पायाच बदलला. वेगळा ग्रुप हवा.

---

एमएम_वाली

हातोडाकाका, शंभर टक्के बरोबर, आणि मी वर 'पाया बदलत असेल तर' म्हटलं होतं ते नेमकं याच्याचसाठी.

कसं करायचं: आरएम०००० ची झेड नावाने कॉपी काढा. कच्चा माल, भंगार वजावट, कन्व्हर्जन अशा तीन ओळी टाका. सुटीच्या ओळीत 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन पायऱ्यांचे रकाने असतात, तिथे फक्त कन्व्हर्जनच्या ओळीचा क्रमांक द्या. मग ती बाकी कशाला हात लावत नाही.

कॉपी काढताना एक काळजी: सबटोटलच्या रकान्यात जी अक्षरं-अंक आहेत ती जिथल्या तिथे राहू द्या. 'एस' असलेली ओळ इफेक्टिव्ह किंमत ठरवते. लोक ओळी पुढे-मागे करताना ती पुसून टाकतात, आणि मग पीओत नेट किंमत ठीक पण इफेक्टिव्ह किंमत भलतीच दिसते.

जुन्या तारखेपासून दर बदलला तर आधीच्या बिलांचा फरक एमआरएनबीने काढता येतो. पण तो वेगळा धागा होईल.

---

हातोडा

तो धागा काढाच. रेट डिफरन्सच्या डेबिट नोटांवर मी एकटा शंभर प्रतिसाद देईन.

---

पंचगंगा

आमची कोल्हापूरला छोटी फाउंड्री आहे, एसएपी वगैरे आमच्या बापजन्मी नाही, ईआरपीनेक्स्ट वापरतो. (मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स.) इथली चर्चा वाचून गंमत वाटली, कारण आमच्याकडे सप्लायर ग्रुप हा नेमका तुम्ही नको म्हणताय त्याच कामाला आहे: दर! प्रायसिंग रूल बनवायचा, 'बायिंग' निवडायचं, लागू कोणाला तर अमुक सप्लायर ग्रुपला, आणि सूट लिहायची. सगळ्या पिग आयर्नवाल्यांना एक नियम, कोळसावाल्यांना दुसरा.

फक्त दोन नियम एकाच मालाला लागू झाले की सिस्टिम अडते आणि म्हणते, प्राधान्य ठरवून द्या. आमच्या पोराने इतके नियम केले होते की रोज हाच संदेश यायचा.

एसएपीत असं गटावर दर ठेवताच येत नाही का?

---

एमएम_वाली

पंचगंगा, येतं, पण तयार मिळत नाही. कंडिशन टेबलात व्हेंडर हे फील्ड आहे, म्हणून व्हेंडरगणिक सूट सहज ठेवता येते. 'व्हेंडरचा गट' या किल्लीवर ठेवायची असेल तर केओएमकेमध्ये स्वतःचं फील्ड जोडायचं, तेच एलएमईकेओ००१ वापरून ते भरायचं, फील्ड कॅटलॉगमध्ये घ्यायचं, मग नवं टेबल आणि ॲक्सेस सिक्वेन्स. व्हेंडर दीड-दोनशेच असतील तर एवढं करण्यापेक्षा रेकॉर्ड एक्सेलमधून चढवणं सोपं.

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ मध्येही व्हेंडरचे प्राइस ग्रुप, लाइन डिस्काउंट ग्रुप असे असतात आणि दर 'एकटा व्हेंडर, गट, सगळे' अशा तीन पातळ्यांवर ठेवता येतो. त्यामुळे तिकडून आलेला माणूस एसएपीत 'ग्रुप' हा शब्द वाचून दरच समजतो. तळेगावकरांच्या खरेदीदारांचं बहुतेक तेच झालंय.

---

नवा_भिडू

माफ करा, अगदी प्राथमिक प्रश्न. अकाउंट ग्रुप आणि स्कीमा ग्रुप एकच का? आणि एमएम शिकायला अजून स्कोप आहे का?

---

दिवा_लोकल

अकाउंट ग्रुपवरून व्हेंडरची नंबर रेंज ठरते, मास्टरमध्ये कुठली फील्ड सक्तीची आणि कुठली लपलेली ते ठरतं. किमतीशी त्याचा संबंध नाही. पर्चेसिंग ग्रुप तिसराच, तो म्हणजे खरेदीदार. तिन्ही 'ग्रुप', तिन्ही वेगळे.

स्कोपचं म्हणाल तर ईसीसीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, तळेगावकरांसारखे स्थलांतरात अडकलेले लोक रांगेत आहेत. शिका.

---

तळेगावकर

तर मी आज कन्सल्टंटला यादी कळवली. रिकामा ग्रुप म्हणजे साधा देशी, यातच जॉबवर्क, सर्व्हिस, ट्रान्सपोर्ट, एमएसएमई, कंपोझिशन, वन-टाइम. 'आयएम' म्हणजे आयात आणि सेझ. 'एसटी' म्हणजे फोर्जिंग-स्टील. ग्राहकाने ठरवून दिलेल्या व्हेंडरचे दर ग्राहक ठरवतो, ओळी त्याच, म्हणून तोही रिकाम्यात. बघून कन्सल्टंट थोडा हिरमुसला असं वाटलं.

ग्रुपमधल्या कंपन्यांचं विचारायचं राहिलं. आमच्याच दुसऱ्या प्लांटमधून येणाऱ्या मालाला काय?

---

एमएम_वाली

कंपनी कोड तोच आणि यूबी प्रकारचा स्टॉक ट्रान्सफर असेल तर व्हेंडर ग्रुप तिथे विचारातच घेतला जात नाही. त्याचा स्कीमा ठरवायचा तक्ता वेगळा, त्यात माल देणारा प्लांट आणि डॉक्युमेंट टाइप असतात. सहसा आरएम२०००. कंपनी वेगळी असेल, तर त्या प्लांटला जोडलेला व्हेंडर असतो आणि तो रिकाम्या ग्रुपमध्ये चालेल.

चाचणी करताना एमई२१एनला प्रत्येक ग्रुपचा एक पीओ उघडा, कंडिशन टॅबवर 'ॲनालिसिस'चं बटण दाबा. डाव्या बाजूला सगळ्यात वर स्कीमाचं नाव येतं, खाली प्रत्येक कंडिशन टाइप आणि त्याचा रेकॉर्ड सापडला की नाही ते. पीओवरच्या आकड्याकडे नंतर बघा, आधी ते नाव बघा.

---

कळंबोली_यार्ड

आणि गो-लाइव्हच्या आदल्या रात्रीचं सांगून ठेवतो. ग्रुपची व्याख्या, स्कीमा, तक्ता, हे सगळं ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टने प्रॉडक्शनला जातं. पण कुठल्या व्हेंडरला कुठला ग्रुप हा मास्टर डेटा, तो ट्रान्सपोर्टने जात नाही! एका ठिकाणी सगळं कॉन्फिगरेशन टकाटक चढलं आणि एकाही आयात व्हेंडरच्या मास्टरमध्ये 'आयएम' नव्हतं. सगळे पीओ देशी स्कीमात. न्हावा शेव्याला कंटेनर उभा आणि कस्टम्सची मिरो (बिलाची नोंद) करायला पीओत ओळच नाही.

व्हेंडरची यादी ग्रुपसकट वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि चढवल्यावर एलएफएम१ काढून मोजून जुळवा. ईसीसीत असताना एक्सके९९ ने घाऊक बदलता येतं, तिथेच भरून मग नेलंत तर उत्तम.

---

तळेगावकर

हे थेट चेकलिस्टमध्ये गेलं.

शेवटचा प्रश्न. जे पीओ उघडे आहेत, म्हणजे अर्धा माल आलाय, अर्धा यायचाय, त्यांच्या व्हेंडरला आता ग्रुप बदलून दिला तर त्या पीओंचं काय होईल?

---

एमएम_वाली

काही नाही. पीओ बनतानाच स्कीमाचं नाव हेडरला, ईकेकेओच्या केएएलएसएममध्ये, लिहिलं जातं. नंतर मास्टर बदला, तक्ता बदला, जुना पीओ आपल्या जुन्या स्कीमानेच चालतो. शेड्युलिंग ॲग्रीमेंटचंही (वेळापत्रकाने माल घ्यायच्या दीर्घ करारांचंही) तेच, आणि तुमच्याकडे तीच जास्त असणार. ती वर्षानुवर्षं उघडी राहतात, म्हणून स्टीलवाल्यांची जुनी ॲग्रीमेंट बंद करून नव्या ग्रुपने नवी काढावी लागतील. त्याची यादी हातोडाकाकांना द्या, कुठली आधी बंद करायची ते त्यांना बरोबर माहीत असेल.

---

हातोडा

पाठवा. तिमाहीचा स्टील रेट लागू व्हायच्या आत करू, नाहीतर जुन्यात एकदा आणि नव्यात एकदा असा दोनदा बदलत बसावा लागेल.